दाढेखालचा मका

सोमवारी सकाळी दाढमास्तरांची दाढ पडली आणि सत्तावीस वर्षांची नोकरी संपली. पण असं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. मास्तरांनीही तेच धरलं होतं. बायकोनं विचारलं, "गाल बसलाय का हो?" तर "वारा लागला" म्हणाले आणि वेळेवर गोदामात हजर झाले.

गोदामातून मका परदेशी जायचा. मास्तरांचं काम एकच: प्रत्येक ट्रकमधला दाणा दाढेखाली फोडायचा. कट्ट वाजला तर कोरडा, कुच्च झाला तर ओला. ओला मका बोटीत तापतो, बुरशी धरतो आणि अख्खा माल तिकडून परत येतो. सहा वर्षांपूर्वी ओल मोजायचं मीटर आलं. तरी मीटर अडलं की सगळे मास्तरांच्या जबड्याकडे बघत.

त्या दिवशी दूर कुठल्याशा देशात पीक बुडालं होतं, म्हणून इथे भाव चढला होता आणि माल पाठवणारे व्यापारी शेठ अकरा ट्रक घेऊन दारात उभे होते. मीटर म्हणालं, चौदा टक्के. मर्यादाही चौदाच.

"म्हणजे पास," शेठ म्हणाले.

"म्हणजे काठावर," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही सांगा."

मास्तरांनी दाणा तोंडात टाकला. तो हिरडीवरून इकडेतिकडे फिरला, वाजला मात्र नाही. इतकी वर्षं त्यांनी मका नुसता ऐकला होता. चव घ्यायला सवड कुणाला होती? मिनिटभर चघळल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आंबट आहे," ते म्हणाले. "आतून बिघडायला लागलाय. पाठवू नका."

"आंबट?" शेठ हसले. "दाढेला चव कधीपासून कळायला लागली हो?"

गप्प बसले असते तर नोकरी राहिली असती. पण मग मका गेला असता.

"दाढ नाहीच आहे. सकाळी पडली. हे जिभेनं सांगितलं."

बाईंनी नियमांची फाइल उघडून दोनदा पाहिलं. "मास्तर, यात दाढ आहे. जिभेचा उल्लेख कुठेच नाही."

"मग लिहून घ्या."

"ते वरून यावं लागतं."

"तोवर भाव उतरेल," शेठ म्हणाले. "मीटर काय म्हणतंय?"

मीटर अजून चौदाच म्हणत होतं. अकरा ट्रक एकामागून एक बंदराकडे निघून गेले. बाईंनी मास्तरांना स्वतःची खुर्ची दिली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"उद्या उशिरा आलात तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"किती उशिरा?"

बाई फाइल चाळत राहिल्या. मास्तरांनी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं:

"प्रति, माल उतरेल त्या बंदराचे प्रमुख अधिकारी. विषय: अकरा ट्रक मका. महोदय, सदर माल पोहोचताच आपल्या कार्यालयातील कोणत्याही एका कर्मचाऱ्याने त्यातील एक दाणा, न चावता, किमान एक मिनिट जिभेवर ठेवावा, व तो आंबट लागला किंवा कसे, हे अर्जदारास उलट टपाली कळवावे. अर्जदाराची कोणाविरुद्धही तक्रार नाही. केवळ माहिती हवी आहे."