चौथं वचन

पाळकसाहेबांनी यादीतल्या तिसऱ्या नावावर काट मारायला पेन टेकवलं, तेवढ्यात प्रेमलताबाईंनी कागदच ओढून घेतला.

"राहू द्या साहेब. मी बोलते. फक्त तिसरं नको, मले चौथं द्या."

पाळक सुमंत तसे वयानं लहान, दोन वर्षांपूर्वी पुण्याकडून नागपूरला आलेले. समोरच्या बाईचा मुलगा वीस दिवस अतिदक्षता विभागात पडून आहे, आणि ती आज बोलायला उभी राहते म्हणते, यावर काय म्हणायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन ही उपासना चालते. वधस्तंभावरून येशू सात वचनं बोलला. दर वर्षी मंडळीतले सात जण एकेका वचनावर वीस-वीस मिनिटं बोलतात. तिसऱ्या वचनात तो खाली उभ्या असलेल्या आईची सोय लावतो, म्हणून ते महिला मंडळाचं. चौथ्यात तो देवालाच विचारतो, की तू मला का सोडलंस. ते पाळकांचं, कारण ते नीट समजावून सांगायला शिकलेला माणूस लागतो असा सगळ्यांचा समज. पाचवं तहानेचं. सातव्यात तो स्वतःला बापाच्या हाती सोपवतो आणि संपतं. यंदाची यादी छापून आली त्याच आठवड्यात प्रेमलताबाईंचा अमोल हिंगण्याच्या कारखान्यातून मोटरसायकलनं परतताना पडला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

"चौथ्यावर काय बोलाल?" पाळकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"आजच्या दिवशी लोक धीर घ्यायला येतात, प्रेमलताबाई."

"मीही त्याच्यासाठीच येत होती, साहेब."

पाळकांनी पेनाचं टोपण लावलं. यादीत तिसऱ्यापुढे त्यांनी स्वतःचं नाव धरलं आणि गळ्यातली पट्टी उगाच दोनदा सारखी केली.

प्रेमलताबाईंच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. दोन्ही तपासण्या झाल्या, मेंदू संपलाय, छाती हलते ती मशीनमुळे, असं डॉक्टरांनी परवा सांगितलं होतं. घाई न करता, बसवून सांगितलं होतं. घरात दुसरं मोठं माणूस नाही, नवरा आठ वर्षांपूर्वी गेलेला. मशीन काढायची तर त्या कागदावर सही प्रेमलताबाईंचीच. त्यांनी आज चारपर्यंत वेळ मागून घेतला होता. मुलगी रितिका दवाखान्यात काचेबाहेर बसलेली होती.

व्हरांड्यात महिला मंडळाच्या कामिनीबाईंनी त्यांना गाठलं. कामिनीबाई म्हणजे प्रार्थनेत खणखणीत बाई. देवाला हाक मारली तर शेजारच्या गल्लीतले लोक वळून बघतील असा आवाज. वीस दिवस त्या रोज दवाखान्यात आल्या होत्या, काचेवर हात ठेवून गायल्या होत्या, सिस्टरच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती, आणि म्हणूनच त्यांचं ऐकणं जास्त जड जात होतं.

"सही करू नको वं. सही केली की विश्वास सोडला. मोहरीएवढा असला तरी पुरते, पण शंका नाही पाहिजे."

"हो."

"आणि वर उभी राहून काही उलटसुलट बोलू नको. शंकेनं आशीर्वाद अडते."

प्रेमलताबाईंनी मान हलवली. खरं तर हेच त्यांना वीस दिवस पोखरत होतं. पोरगा रस्त्यावर पडला तो पडला, पण उठत नाही तो आपल्या विश्वासात कुठेतरी माप कमी भरलं म्हणून, असं त्यांना वाटायला लागलं होतं. मग त्यांनी देवाशी भाजीवाल्याशी करतात तशी घासाघीस केली. आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग चहा सोडला, आणि कालपासून पाणी. त्यांना देवाचा राग येत होता. तो राग त्याला कळला तर तो अमोलवर काढेल, ही भीतीही होती. रविवारच्या शाळेत बावीस वर्षं लेकरांना देवाचं प्रेम शिकवणारी बाई त्याला असं घाबरत होती, आणि हे सांगायचं तरी कोणाला.

चर्च भरलं. पंखे गरगरत होते, कुलर बंद होते, कारण त्यांच्या आवाजात बोलणारा ऐकू येत नाही. बाहेर एप्रिलचं ऊन कौलांवर आदळत होतं. तीन वाजेपर्यंत कोणी पाण्याला शिवायचं नाही, हा या मंडळीचा जुना नेम, आणि नेमाचे राखणदार विश्वनाथकाका. रेल्वेत गार्ड होते, आता ऐंशीला टेकले, पण शिट्टी अजून तोंडातच असल्यासारखे. गेल्या वर्षी एका बाईनं लेकराच्या बाटलीतून घोट घेतला, तर काकांनी भर उपासनेत घसा खाकरला होता. व्यासपीठावर विणलेल्या झाकणाखाली पाण्याचा जग असायचा. तीन वाजले की त्यातला पहिला पेला काका पाळकांना द्यायचे, मग बाकीच्यांचा उपास सुटायचा. पाचवं वचन बावीस वर्षं त्यांचंच. चार पानांचं भाषण, दर वर्षी तेच, आणि तरी दर वर्षी चष्मा लावून वाचलेलं.

पहिलं, दुसरं झालं. तिसऱ्यावर पाळक थोडक्यात बोलले, आणि आई हा शब्द त्यांनी जपून, जिथे टाळता येईल तिथे टाळला. गीत झालं. दीड वाजत आला होता.

प्रेमलताबाई वर गेल्या. माइक कुईं करून बंद पडला. तो असाच पडायचा. अमोल दर रविवारी मागच्या बाकावरून यायचा, खालून एक टपली मारायचा, आणि सगळ्यांना सांगायचा, याले लाड नाही चालत. प्रेमलताबाईंनी खालून टपली मारली. माइक सुरू झाला.

व्यासपीठावर चढलं की या मंडळीत सगळेच पुस्तकातलं बोलतात. घरी 'काहून' म्हणणारा माणूस वर गेला की 'कशास्तव' म्हणतो. प्रेमलताबाईंनीही तोंड उघडलं ते त्याच तयारीनं. पण त्यांना पुस्तकातला एकही शब्द आठवेना.

"देवा माह्या," त्या म्हणाल्या, "काहून सोडलं गा मले?"

पुढच्या बाकावरची कुजबुज थांबली. गा म्हणून कोणी देवाला हाक मारलेली या भिंतींनी ऐकली नव्हती. भावाला म्हणावं, दिराला म्हणावं, तसं ते निघालं होतं.

"वीस दिवस मी हेच विचारून राहिली. मोठ्यानं नाही विचारलं. भीत होती. आज विचारते." त्यांनी व्यासपीठाची कड धरली. "उत्तर नाही आलं. पण दुसऱ्या कोणाले विचारू, तेही मले समजून नाही राहिलं. म्हणून त्यालेच विचारते."

एवढंच. त्यांना आणखी काही सांगायचं नव्हतं. त्या खालीही येईनात. पाळक उठू लागले आणि पुन्हा बसले. कामिनीबाई मान खाली घालून होत्या.

मग विश्वनाथकाका उठले. काठी टेकत पायरी चढले. लोकांना वाटलं, म्हातारा नेमाचा पक्का, वेळ उरला तर आपलं पाचवं सुरू करेल. काकांनी चार पानं खिशातून काढली, घडी मोडली नाही, व्यासपीठावर ठेवून दिली. जगावरचं विणलेलं झाकण बाजूला केलं. पेला भरला. थोडं पाणी सांडलं.

"घे पोरी."

"काका, तीन नाही वाजले."

"मले घड्याळ दिसते. पी."

प्रेमलताबाईंनी पेला तोंडाला लावला. त्या गटागटा प्यायल्या. काकांनी दुसरा भरला. सगळी मंडळी पाण्याचा आवाज ऐकत बसली. पेला रिकामा झाल्यावर काका माइककडे वळले.

"पाचवं झालं," ते म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. चार पानं वरच राहिली.

प्रेमलताबाई खाली आल्या त्या बसल्या नाहीत. बाकावरची पिशवी उचलली, कागद आत आहे की नाही ते बोटांनी चाचपलं. कामिनीबाईंनी त्यांचा पदर धरला.

"सातव्यापर्यंत तरी थांब वं."

"सातवं मी तिथं म्हणीन."

कामिनीबाईंनी पदर सोडला नाही. मग तो सोडून त्या उठल्या, दाराशी जाऊन आपल्या चपला शोधल्या, प्रेमलताबाईंच्याही शोधून त्यांच्यापुढे सरळ करून ठेवल्या.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऑटो मिळायला दहा मिनिटं लागली. तोवर दोघी चर्चच्या फाटकाशी कडुनिंबाखाली उभ्या होत्या, आतून सहाव्या वचनाआधीचं गीत ऐकू येत होतं. ऑटोत बसल्यावर गरम वारा तोंडावर आला. प्रेमलताबाईंनी रितिकाला फोन लावला, येऊन राहिली इतकंच सांगितलं आणि ठेवला.

चौकात ऑटो सिग्नलला थांबला. कामिनीबाई बाहेर बघत होत्या. बाहेर बघतच त्यांनी पर्स उघडली, आत बराच वेळ हात घालून काही शोधलं आणि एक निळं पेन काढून प्रेमलताबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"चालते काय पाहून घे," त्या म्हणाल्या. "तिथले पेन कधी चालत नाहीत."