कुठलंच गाणं नको

“गाणं कुठलं लावू, मावशी?” भाविकनं विचारलं. “जुनं लावू का आपलं आगरी, हळदीचं?”

“कुठलाच नको,” आई म्हणाली.

“मग आवाज कसा आहे ते कळणार कसं?”

“आवाज कळू नये म्हणूनच आलेय मी.”

धामणकर नाक्यावरच्या त्याच्या दुकानात काउंटरवर इअरबड्सच्या चार-पाच डब्या मांडलेल्या होत्या. बाहेर मेट्रोच्या खांबापाशी ड्रिल चाललं होतं. त्यात रिक्षांचे हॉर्न आणि मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमची खटखट. भाविकनं माझ्याकडे पाहिलं.

“ताई, तुमच्यासाठी ना?”

“तिला काय विचारतोस?” आई म्हणाली. “तिचं कान बरं हायत.”

आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी कल्याणला जावं लागे, आणि ती शेअर रिक्षानं जाई. जाताना ठीक असे. येताना मात्र अंगातलं सगळं बळ त्या यंत्रात ठेवून आल्यासारखी व्हायची आणि प्रत्येक हॉर्न तिच्या डोक्यात घुसायचा. दुर्गाडीच्या पुलापलीकडे रिक्षा थांबवून ती रस्त्याच्या कडेला ओकली, ते एकदा नाही. म्हणून मी सोबत जात होते. ठाण्याच्या विमा कार्यालयातली माझी सगळी रजा त्यात संपली होती, आणि सोमवारपासून रोज हजर राहता येणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, असं साहेबांनी मला बऱ्या शब्दांत सांगितलं होतं.

तेव्हा इअरबड्सची कल्पना आईची. रिक्षात एक कॉलेजची मुलगी कानात बोंडं घालून इतक्या गर्दीत शांत झोपली होती. आईनं तिला उठवून विचारलं, “बाय, यात नक्की काय ऐकतेस?” मुलगी म्हणाली, काहीच नाही, नुसता आवाज बंद होतो. घरी येईपर्यंत आईचं ठरलं होतं. हॉर्न बंद झाला की ओकारी बंद, ओकारी बंद झाली की ती एकटी जाणार, आणि मी कामावर.

माझे चुलते केसरीनाथ काका गाडी द्यायला तयार होते. त्यांच्या गोदामांवर तीन गाड्या नुसत्या उभ्या असायच्या. आईनं नको म्हटलं. “गाडी त्याची, म्हंजे रस्ताभर तोंड पन त्याचाच,” ती म्हणाली होती.

भाविकनं पहिली जोडी दिली, खाली लांब दांडी असलेली. आईनं ती कानात घातली, मग डोक्यावरून पदर घेतला. पदराबरोबर उजवं बोंड निघून काउंटरखाली गेलं.

“ह्यो न्हाय. दांडी नको.”

दुसऱ्या जोडीची डबी तिनं उजव्या हातात घेतली आणि अंगठ्यानं झाकण उघडायचा प्रयत्न केला. उघडेना.

“दोन्ही हातांनी उघडा ना, मावशी.”

तिनं डाव्या हाताची बाही वर सरकवली. कोपराच्या खाली डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला फिस्टुला शिरेसकट फुगून आला होता, जाड दोरीसारखा. “यंत्रावर चार तास हा हात हलवायचा न्हाय. मंग एकाच हातानं उघडली पायजे.”

भाविकनं एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलायला लागला. चार्जिंग किती टिकतं, कुठं दाबलं की आवाज बंद होतो, कानाच्या आकाराप्रमाणे रबर कसं बदलायचं. तिसऱ्या जोडीचं रबर मोठं झालं, मधलंही. सगळ्यात लहान नेमकं बसलं. त्यानं ते चालू केलं.

 आईनं बाहेरच्या ड्रिलकडे पाहिलं, मागच्या गल्लीकडे पाहिलं.

“लूम बंद झालं,” ती म्हणाली. फार मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाज तिला कळत नव्हता. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

पलीकडच्या टोकाला भाविकचा भागीदार हरेश मोबाइलची काच बसवत होता. तो कामावरची नजर न काढता भाविकला काहीतरी पुटपुटला. काय, ते मलाही ऐकू आलं नाही.

“तुझी आजी असंल बावळट,” आई काउंटरच्या ह्या टोकाहून ओरडली. “मना मागच्या वर्षीचा माल न्हाय पायजे.”

हरेशच्या हातातला चिमटा खाली पडला. भाविकनं आधी आईच्या कानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे चालू आहेत ना? ऐकू आलं कसं?”

ऐकू आलं नव्हतं. मी चौथीत असताना वडील गेले. त्यांच्या वाटणीची जमीन त्याआधीच विकून संपली होती, आणि आई पद्मानगरच्या एका लूम कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. त्या खटखटीत माणसाला माणसाचा आवाज पोचत नाही. तिथल्या बायका ओठांवर बोलत. नवऱ्याच्या तक्रारी, मुकादमाच्या शिव्या, डब्यात काय आणलंय, सगळं एका टोकाच्या मशीनवरून दुसऱ्या टोकाला, आवाज न काढता. कारखाना सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, पण लग्नात, बाजारात, एसटीत लांबची माणसं काय बोलतायत हे ती मला मधूनमधून सांगायची. ती माणसं बहुतेक वेळा आमच्याविषयीच बोलत असायची.

“ह्योच दे,” ती म्हणाली. “आन् त्याला सांग, काच वाकडी बसवतोय.”

शनिवारी आम्ही दोघी कल्याणला गेलो. ती परीक्षाच होती. सोमवारी ती एकटी जाणार की नाही, ते त्या दिवशी येताना ठरायचं होतं.

सुया लावून झाल्यावर आईनं एका हातानं डबी उघडली, बोंडं कानात घातली आणि मला हातानं दूर जायला सांगितलं. यंत्राची पीं-पीं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कण्हणं, टीव्हीवरची मालिका, यातलं तिला काही नको होतं. मी काचेपलीकडे बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं डॉक्टर मॅडम तिथंच आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. रिपोर्ट हातात होता.

“आईचं हृदय खूप कमजोर झालंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आता त्यांना एकटं पाठवू नका. प्रवासात कधीही काहीही होऊ शकतं. त्यांना मात्र सांगू नका, उगाच धीर सोडतील.”

मी काचेतून पाहिलं. आई आमच्याच बाजूला तोंड करून पडली होती. कानात बोंडं, चेहरा शांत.

“नाही सांगत,” मी म्हटलं. “मी नोकरी सोडते.”

“उन्नती!”

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. टीव्ही बघणारी नर्स उठून उभी राहिली. मी धावत आत गेले.

“काय सोडतेस?” आई म्हणाली.

“काही नाही गं. डॉक्टर सहज—”

“नोकरी सोडते, बोल्लीस. बघितला मी.”

मागून डॉक्टर आल्या. “आजी, तुम्हाला इतक्या लांबून ऐकू आलं?”

आईनं उजवं बोंड काढून छातीवर ठेवलं. “ऐकू न्हाय आला. दिसला. माझा हार्ट हाय ना, डॉक्टर? मंग मना सांगायचा. काचेला कशाला सांगता?”

 डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसल्या. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आजवर सगळं माझ्याशीच, उभ्या उभ्या होत आलं होतं.

त्यांनी आईला नीट सांगितलं. हृदय किती काम करतंय, काय होऊ शकतं. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती.

“रिक्षात झाला तर?” सगळं संपल्यावर तिनं विचारलं.

“रिक्षात झालं तर... फारसं काही करता येणार नाही.”

“आन् ही बाजूला बसली असली तर?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं त्यांच्या हनुवटीला बोट लावून तोंड आपल्याकडे वळवलं, लहान मुलाचं वळवावं तसं.

“तिच्याकडं न्हाय. मना सांगा.”

“तरी फरक पडणार नाही, आजी.”

“झाला तर मंग,” आई म्हणाली. “ती बाजूला बसून नुसती माझा हात धरंल आन् रडंल. त्यापरीस कामावर गेलेली बरी.”

“आई, तू काहीतरीच बोलू नकोस,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “हे मी ठरवीन.”

“तुझा काय ते तू ठरव. मी माझा ठरवलंय. मरणाच्या भीतीनं घरात बसायचा होता तर यंत्रावर कशाला पडायचा? घरात फुकट मरता आला असता.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण त्याला खोकला आला आणि नर्सला त्याच्याकडे धावावं लागलं.

येताना विठूची रिक्षा मिळाली. आमच्या नाक्यावरचा जुना रिक्षावाला, आईला ओळखणारा. मागे आम्ही दोघी आणि एक परके गृहस्थ. पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. टँकर, कंटेनर, सगळे एकदम हॉर्न देत होते. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचा रंग उतरलेला होता, ओठ कोरडे. पण पूल गेला, कोन गाव गेलं, आणि तिला ओकारी आली नाही.

“सोमवारी मी येणार आहे,” मी म्हटलं. “साहेबांना फोन करून सांगते.”

तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं.

“माझी शप्पथ हाय तुला.”

“मी नाही मानत शपथा.”

“म्हायती हाय. पुस्तकं वाचून वाचून काय मानत न्हायस.” मग हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, “कांड्या भरून तुला शिकवली, ती माझ्या शेजारी बसवायला न्हाय.”

“तुला एकटीला सोडून मी ऑफिसात काम करू शकेन असं वाटतं तुला?”

 तिनं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. माझ्याशी वाद संपवायचा असला की ती तसं करायची, कारखान्यात असल्यापासून. पण विठूच्या आरशात माझं तोंड दिसत असावं. मी अजून बोलतेच आहे असं पाहून तिनं डोळेही मिटून घेतले.

आई नवरात्राच्या आधी गेली. घरी, सकाळी. मला चहात साखर जास्त घाल म्हणाली आणि भिंतीला टेकली. रिक्षात काही झालं नाही, कधीच नाही. तोवर ती एकटी जात राहिली, मी ठाण्याला जात राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर ती मला रिक्षात कोण काय बोललं ते सांगायची. लोक तिच्याविषयीच बोलत असत, ही आता फार दिवस काढत नाही, असं. तिच्या कानात काहीतरी आहे, तिला कळत नाही, असं वाटून मोकळेपणानं बोलत. आई त्यांना वाटेत काही म्हणायची नाही. उतरताना मात्र म्हणायची, “चला, येते. अजून हाय मी.”

दहाव्याला केसरीनाथ काका चार माणसांत म्हणाले, “शेवटपर्यंत एकटी फिरवली बिचारीला.”

“फिरवली नाही, काका,” मी म्हटलं. “ती फिरली.”

 मी पाट उचलले आणि आत गेले.

मला त्यानंतर पुष्कळ गोष्टी आठवतात, पण त्या पहिल्या सोमवारची सकाळ सगळ्यात जास्त आठवते. साहेबांना फोन मी शेवटी केला नव्हता; आम्ही दोघी घरातून बरोबर निघालो. नाक्यावर माझी ठाण्याची बस यायची होती. समोरच्या बाजूला कल्याणच्या रिक्षा. विठूनं तिला आत बसवलं. तिनं पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली. बाजूला दोन बायका बसल्या आणि रिक्षा निघाली.

मला काही सांगायचं नव्हतं. तरी मी रस्त्याच्या ह्या बाजूनं, मेट्रोच्या पत्र्यांवरून टाचा उंचावून मोठ्यानं हाक मारली, “आई!”

तिला ऐकू जाणार नव्हतं. पण विठूला गेलं. त्यानं रिक्षा हळू केली, मान वळवली आणि तिला बोटानं मागे दाखवलं, तुमची मुलगी बोलावतेय. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

आईनं मागे पाहिलं नाही. तिचा उजवा हात रिक्षाच्या बाहेर आला, आणि तो तिनं दोनदा पुढे हलवला. चल.