साडेपाच फुटांचा हौदा

माझा हौदा दोन रंगांचा आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल. पुढचे साडेपाच फूट हिरवे, मागचे अडीच फूट निळे आणि मध्ये वेल्डिंगचा जाडजूड सांधा. मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो, आणि उधन्यातल्या एका गॅरेजच्या मागे पडून असते. शाळेतून येता-जाता तुम्ही माझ्या चाकांवर चढता आणि मला 'ठिगळवाली' म्हणता. खुशाल म्हणा. राग येतो मला, पण हॉर्न कधीच कुणीतरी काढून नेला, तेव्हा तो दाखवणार कशाने? आज मात्र त्या ठिगळाची हकिगत ऐकून जा. ती गोड नाही. तिच्यात मारहाण आहे आणि रक्तही आहे. ज्या सळईने ते रक्त निघालं ती माझ्याच अंगावरची होती.

पंच्याण्णव साली मी सुरतेत आले ती अर्धीच. पुढे तोंड आणि केबिन, मागे नुसत्या दोन उघड्या पट्ट्या. माल ठेवायचा हौदा आपापल्या पसंतीने बांधून घ्यायचा होता. माझ्या मालकांनी मला लालजीभाई मिस्त्रींच्या आवारात आणलं. मालक म्हणजे दोघे भाऊ, खानदेशातून येऊन लिंबायतला स्थायिक झालेले. थोरला निंबा कामं आणायचा, धाकटा सुकदेव गाडी चालवायचा. निंबाला गाडी चालवता येत नव्हती, आणि ते त्याला मनातून खुपत असे.

"बोलो, टूंको के लांबो?" हौदा आखूड हवा की लांब, हे लालजीभाईंनी हातातली फूटपट्टी माझ्या पाठीवर आपटून विचारलं.

"लांब. आठ फूट," निंबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर इच्छापोरचे कारखाने होते. तिथे पाइप, अँगल, पत्रे, सगळा लांबलचक माल जायचा.

"दादा, गाडी मी चालावस," सुकदेव म्हणाला. "लांब शेपूट आपली गल्लीमा वळनार नही. साडेपाच बस."

लिंबायतच्या गल्ल्या तुम्हाला ठाऊक आहेत. दोन्ही बाजूंना लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड आणि मध्ये एक गाडी कशीबशी जाईल एवढी वाट. सुकदेवचं बरोबर होतं. निंबाचंही बरोबर होतं. अशा वेळी भांडण फार वाईट होतं, कारण कुणालाच माघार घ्यायला कारण सापडत नाही. दोघांनी माझ्या दोन्ही बाजूंना उभं राहून तासभर एकमेकांना नको ते ऐकवलं. शेवटी निंबाने हात झटकले आणि तो म्हणाला, "कर तुना मननं." मग मिस्त्रींनी मला छिन्नी लावली. पत्रा कापला, ठोकला, जाळला. अंगभर ठिणग्या उडाल्या. तो त्रास मी केव्हाच विसरले, पण निंबाचं ते वाक्य विसरले नाही.

दोन वर्षं मी लहान शेपटीने सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कापडाचे तागे वाहिले, लूमचे बीम, म्हणजे सुताचे जड रूळ, वाहिले. नाक्यावरच्या टेंपोवाल्यांशी नंबरावरून हाणामारी व्हायची. एकदा माझी काच फुटली, एकदा सुकदेवचा दात पडला. पण संध्याकाळी तो मला फडक्याने पुसायचा आणि बॉनेटवर थाप मारायचा. निंबाची बायको सुंदरा दसऱ्याला माझ्या तोंडाला झेंडूची माळ घालायची. मी सुखात होते.

निंबा मात्र हट्टाने इच्छापोरचा माल घेतच राहिला. वीस फुटी पाइप साडेपाच फुटांच्या हौद्यात भरायचे, ते फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, बाहेर हातच्या हात लोंबायचे. टोकाला लाल फडकं बांधलं की त्याच्या मते काम झालं. माझं मागचं अंग खाली दबायचं, पुढची चाकं रस्त्यावर नीट टेकायची नाहीत. सुकदेव रोज कुरकुरायचा. निंबा रोज म्हणायचा, "आठ फूट ऱ्हातं तर?"

त्या दिवशी सकाळी आम्ही पाइप घेऊन निघालो होतो. सुकदेव चालवत होता, निंबा त्याच्या डावीकडे बसला होता. कोपऱ्यावर मी उजवीकडे वळले आणि मागचे पाइप डावीकडे फिरले. तिथे चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. पाइपांनी उकळती पातेली उडवली. सगळा चहा लारीवाल्याच्या हातावर सांडला. तो माणूस असा ओरडला की माझं इंजिन आपोआप बंद पडलं.

पुढचं फार वेगाने झालं. वीस-पंचवीस माणसं धावून आली. त्यांनी सुकदेवला कॉलरला धरून खाली ओढलं आणि माझ्याच दारावर आपटलं. लाथा, बुक्क्या, चपला. कुणीतरी विटेने माझा दिवा फोडला. पाइप खेचून रस्त्यावर टाकले. सुकदेव दोन्ही हातांनी डोकं झाकून "दादा, दादा" करत होता.

आणि मित्रांनो, हे सांगायला मला आजही लाज वाटते. त्याचा दादा डाव्या दाराने हळूच उतरला होता आणि पानाच्या टपरीमागे जाऊन उभा राहिला होता.

लोक दमले तेव्हा थांबले. लारीवाल्याला कुणीतरी रिक्षातून नेलं. सुकदेव उठला, रक्त थुंकला, केबिनमध्ये चढला. निंबा गुपचूप येऊन बाजूला बसला.  घरी पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. सुकदेवने मला दारापुढे उभं केलं आणि खाली उतरला.

निंबाला गप्प राहता आलं असतं. पण ज्याला आतून लाज वाटते ना, तोच आधी तोंड उघडतो. "मी सांगेल व्हतं ना," तो म्हणाला, "लांब हौदा ले म्हनीसन."

सुकदेवने माझ्या फाळक्याला लाथ मारली. मग निंबाची गचांडी धरली. "लोके माले मारी राहिंतात, आन तू टपरीमांगे उभा व्हता. मी देखं. तू माल भरस, मार मी खास."

गल्लीतली माणसं दारात आली होती. सगळ्यांनी ते ऐकलं. निंबाने हिसका देऊन मान सोडवली आणि त्याचा हात माझ्या फाळक्यावर पडला. फाळका बंद ठेवायला कडीत एक हातभर सळई असते. तिचा सांभाळ दोन वर्षं मी केला होता. ती त्याने उपसली आणि फिरवली. ती सुकदेवच्या डाव्या कानामागे बसली. हाड वाजलं. सुकदेव माझ्यावर कोसळला आणि हौद्याच्या कडेवरून ओघळत खाली गेला.

सुंदरा बाहेर आली, तिने दीर पाहिला, नवऱ्याच्या हातातली सळई पाहिली. ती रडली नाही. तिने शेजारच्या चेतन रिक्षावाल्याला हाक मारली. "आमनी गाडी काढ, भाऊ. यास्ले चालाडता येत नही."

लोकांनी सुकदेवला खाटेवर घातलं आणि खाट माझ्यावर चढवली. ती बसेना. खाट सहा फुटांची आणि माझ्यात पुढे स्टेपनीही होती. तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली. खाली रक्त ठिबकत होतं आणि लोक खाटेशी झगडत होते. शेवटी खाट फेकून दिली, गोधडी अंथरली. सुंदराने डोकं मांडीवर घेतलं. पण सुकदेव उंच होता. गुडघ्यांपासून पाय बाहेर राहिले. फाळका लावता येईना. प्रत्येक खड्ड्याला तो मागे घसरणार हे सगळ्यांना दिसत होतं.

"त्याना पाय धरा," सुंदरा नवऱ्याला म्हणाली. "सोडू नका."

निंबा उघड्या फाळक्यावर उकिडवा बसला आणि त्याने भावाचे दोन्ही पाय छातीशी आवळून धरले. मी जमेल तेवढी सांभाळून चालले. पण गाडीच्या सांभाळण्याला किती अर्थ? रस्त्याला खड्डे होते, माझे स्प्रिंगचे पाटे ताठ होते. प्रत्येक धक्क्याला सुकदेव बोटभर मागे सरकायचा आणि निंबा त्याला पुढे लोटायचा. माझी लांबी अडीच फूट जास्त असती तर हा माणूस सरळ झोपला असता, एवढंच माझ्या मनात येत होतं.

वाट त्याच कोपऱ्यावरून होती. आमचे पाइप अजून रस्त्यात आडवे पडले होते, त्यामुळे मला थांबावं लागलं, आणि सकाळची माणसं तिथेच होती. फुटका दिवा पाहून त्यांनी मला ओळखलं. चेतन आतून ओरडत होता, "भाई, जाने दो, दवाखाने जाना है." पण हॉर्न आणि आरडाओरडा यांत ते कुणाला ऐकू येणार? मागून चौघे-पाचजण धावत आले. पहिला दांडा निंबाच्या पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. एकाने त्याचे केस धरून मान मागे ओढली आणि तोंडावर मारलं.

निंबाने हात उचलला नाही. उचलता आलाच नसता; हातांत भावाचे पाय होते. तो वाकून आणखी खाली झाला, कपाळ त्या पायांवर टेकलं आणि मार खात राहिला. त्याच्या नाकातलं रक्त सुकदेवच्या तळव्यांवर पडत होतं. "मारा," तो म्हणत होता, "पन गाडी जाऊ द्या." मारणाऱ्यांपैकी एकाने तेव्हा हौद्यात डोकावलं. सुंदराची लाल झालेली मांडी त्याला दिसली. त्याने दांडा खाली टाकला. मग त्यानेच पुढे पळत जाऊन पाइप बाजूला केले.

सुकदेव वाचला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा निंबाने खरं ते सांगितलं, आणि पोलीस त्याला घेऊन गेले. सुकदेव शुद्धीवर आल्यावर "घरनं भांडन शे" म्हणाला आणि तक्रारीवर अंगठा द्यायला तयार झाला नाही. डावा कान मात्र कायमचा गेला.

निंबा सुटून आला तो मला थेट लालजीभाईंकडे घेऊन गेला, म्हणजे चेतनला चालवायला लावून. तिथे मला हे अडीच निळे फूट जोडले. ती सळईही त्याने कडीतच वेल्ड करून टाकायला लावली. तेव्हापासून माझा फाळका साखळीने बंद होतो. सुकदेवचं खरंच होतं. आठ फुटांची मी गल्लीत वळेनाच. मग मी नाक्यावर थांबायची, आणि तिथून प्रत्येक लूमपर्यंत बीम, तागे, गाठी निंबा स्वतःच्या खांद्यावरून न्यायचा. कुणी हात लावायला आलं तरी नको म्हणायचा.

सुकदेव पुन्हा चालवू लागला. निंबा त्याच्या डावीकडे, म्हणजे बहिऱ्या कानाकडे बसायचा. माल उतरवून निघताना तो रोज, समोर बघत, अगदी हळू म्हणायचा, "सुकदेव, माले माफ कर." रोज. मी सोडून ते कुणालाच ऐकू जात नव्हतं, आणि म्हणूनच तो ते म्हणू शकत होता. असं वर्षभर चाललं.

मग एके दिवशी नाक्यावर सुकदेवने मला बंद केलं. तो म्हणाला, "दादा, आरशामा तुनं तोंड हालतांना दिसस. रोज देखस मी." निंबाचा चेहरा उतरला. सुकदेवने उजवीकडची काच खाली केली. "आते या कानमा बोल."

निंबा उतरला. माझ्या नाकासमोरून वळसा घालून उजव्या खिडकीशी आला. मधल्या चार पावलांत तो दोनदा थांबला. मग खिडकीत वाकला आणि बोलला. सुकदेव स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, आणि चुकून माझा हॉर्न दाबला गेला तो बराच वेळ वाजत राहिला.

मित्रांनो, आता माझ्या फेऱ्या संपल्या आहेत. मला धुवा, पुसा असं काही मी म्हणणार नाही. हौद्यात गवत उगवलंय तेही असू द्या. पण माझ्या फाळक्याची ती सळई ओढून बघायला तुमच्यातला एकजण रोज येतो. ती निघणार नाही, बाळांनो. घरी कुणाशी भांडण झालं तर तुमच्या हाताला लागेल ते आधी खाली ठेवा. आणि चूक झालीच, तर उतरून वळसा घाला आणि त्याला ऐकू येईल अशा बाजूने जाऊन सांगा. निंबाला त्या चार पावलांना वर्ष लागलं, तुम्ही एवढा उशीर करू नका.