काट्याची कापलेली पट्टी

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. डोळ्याच्या ऑपरेशननंतर हे पहिल्यांदाच कामाला बसले होते. चार महिने एकच टुमणं, "आता मोडीत निघालो मी, दुकान बंद करू." हे काम बिघडलं तर पुन्हा अवजाराला हात लावणार नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.

काम तसं साधंच. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आजीचा चांदीचा काटा उजळायला दिला होता. आखूड, पसरट, पाच दातांचा. तो कशाला वापरायचा ते त्यांनाही माहीत नव्हतं. "तेवढं कळलं तर सांगा," म्हणाल्या होत्या.

"अगं, हे बघ!" यांनी काटा नाचवत दाखवला. "कुणीतरी अडाण्याने नंतर सांधा मारून सगळी टोकं आडव्या पट्टीने जोडली होती. करवतीने उडवली पट्टी. आता कसा काट्यासारखा काटा दिसतोय!"

कापलं होतं मात्र सुबक. मीही तोंडभरून कौतुक केलं. मेलं माझं कौतुक!

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या त्या जोडीचा दुसरा काटा घेऊनच. कपाटामागे सापडला म्हणे. त्याच्याही टोकांवर तश्शीच पट्टी, एकसंध, सांध्याची खूण कुठेच नाही. म्हणजे पट्टी मुळातलीच होती!

"पहिला झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला की! पण त्याची पट्टी फार कमकुवत झाली होती हो," मी ठोकून दिलं. "उजळताना आपोआप सुटली."

"सुटली नाही," मागून आवाज आला. हे फडक्याला हात पुसत दारात उभे. त्यांनी दुसरा काटा घेतला, टोकांवरून अंगठा फिरवला, पालथा करून पुन्हा फिरवला. माझा जीव टांगणीला.

"डब्यातले मऊ मासे वाढायचा काटा हा," शेवटी म्हणाले. "उचलताना मासा फाटू नये म्हणून टोकं मुद्दाम जोडलेली असतात. मला सांधा दिसला, तो नव्हताच. पट्टी मी कापली."

असा राग आला मला! यांच्यासाठी मी खोटं बोलले आणि यांनी ते सरळ पाण्यात घातलं.

"परत बसेल?" बाईंनी विचारलं.

"बसेल. पण मापाला हा दुसरा इथे ठेवावा लागेल."

बाईंनी दुसरा काटा उचलून कापडात गुंडाळला. संपलं, मी मनात म्हटलं, आता हे कायमचे खुर्चीत बसणार. बाईंनी पर्स उघडली, पुन्हा मिटली आणि ती गुंडाळी यांच्या हातात दिली.

"हा मात्र कापू नका," त्या म्हणाल्या.

"नाही कापत," हे म्हणाले आणि दिवा ओढून लगेच कामाला बसले. बाईंना चहा विचारायचंही मला सुचलं नाही. डोळे पुसायला मी आत पळाले.