बंपरच्या टाकीतली देवी

घाटकोपरच्या बंद मोटार कारखान्यात त्या खंडेनवमीला पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रे उडालेल्या शेडमध्ये सिमेंटची एक टाकी तेवढी शाबूत होती आणि तिच्या काठावर चंद्रप्रकाश बुवा बसला होता. त्यानं लोखंडी खिळा टाकीतल्या निळ्या पाण्यात बुडवला, काहीतरी पुटपुटला, वर काढला. खिळा तांबूस!

"लोखंडाचं तांबं केलं आईनं! तुमच्या रोगाचं काय घेऊन बसलात?"

लोकांनी हात जोडले. जोडणारच. कारखाना बंद पडला तरी जुने कामगार दर खंडेनवमीला येऊन उरल्यासुरल्या यंत्रांना हळदकुंकू वाहायचे. बुवाचं आयतंच फावलं.

मी आले होते सुगंधासाठी. मी शाळेत शिकवते त्या वर्गातल्या वनमालाची ही आई. पोरगी काविळीनं पिवळी पडलेली आणि ही बाई डॉक्टर सोडून तिला टाकीतलं तीर्थ पाजायला निघालेली. वाटी पोरीच्या ओठांशी गेली, तशी मी ती हिसकावली.

"बाई, देवीचा कोप होईल!" सुगंधा ओरडली.

"माझ्यावर होऊ दे!" मी वाटी बुवापुढे धरली. "घ्या, आधी तुम्ही."

"आमचा उपास आहे."

"तीर्थानं उपास मोडतो? काहीतरीच काय सांगता!"

खिळ्याची गोष्ट मुलांकडून ऐकली तेव्हाच मला संशय आला होता. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेलं निळं मोरचूद मी तिथंच सगळ्यांसमोर, घरून आणलेल्या नळाच्या पाण्यात पेल्यात कालवलं आणि बुवाचाच एक खिळा त्यात सोडला. थोड्या वेळानं काढला तर तांबूस. ना मंत्र, ना देवी. दगडावर घासला, तर आत लोखंड जसंच्या तसं.

"मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं, बस्स! आणि पोटात गेलं तर ते विष आहे, विष!"

गर्दीतून म्हातारा गुणाजी पुढे आला. कारखान्यात त्याची हयात गेलेली. "खरा हा, बाई. कारखानो चालू होतो तेव्हा ह्याच टाकीत आमी गाडयेच्या बंपरांका तांबा चढवू. माका म्हायत होता. पण बुवा म्हणालो, देवी कारखानो परत सुरू करतली... म्हणान गप रवलंय."

त्याची मला कीव आली आणि बुवाचा संताप.

सुगंधानं माझ्या हातातली वाटी घेतली आणि बुवाच्या तोंडाशी नेली. "पी ना रे! माझ्या पोरीला पाजत होतास ना? पी!" बुवा तोंड फिरवून पळत सुटला. सुगंधानं वाटी उपडी केली, लेकीला कडेवर घेतलं आणि रिक्षा पकडून इस्पितळ गाठलं.

मी लोकांकडे वळले.

"यंत्राला हळदकुंकू वाहा, माझी ना नाही," मी म्हटलं. "पण लेकराच्या तोंडात कोणी काही घालत असेल, तर हात जोडू नका. त्याचा हात धरा आणि विचारा, हे काय आहे?"