थांबला नाही, थांबवला

शहराच्या फुटबॉल स्टेडियममध्ये संग्रहालय होणार होतं. त्यासाठी क्लबची एक तरुण मुलगी आईकडे तिचा जुना शर्ट मागायला आली, तेव्हा आई स्टुलावर उभी राहून माळा आवरत होती. ती खाली उतरली नाही. वरूनच म्हणाली, "कोणता शर्ट?"

"गोलकीपरचा, आजी. पिवळा. तुमच्या संघातला तेवढाच एक शिल्लक आहे, असं कळलं."

"शिल्लक मीपण आहे," आई म्हणाली.

मुलगी ओशाळली. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माळ्यावरची धूळ तिच्या केसांवर पडत होती, पण ती हलली नाही. आईला ते आवडलं असावं, कारण थोड्या वेळाने ती उतरली.

तरुणपणी आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायका मागच्या आवारात चेंडू लाथाडायच्या. आईला धावायचा कंटाळा, म्हणून तिला गोलात उभं केलं. तिच्या हातून काही सुटत नाही हे लक्षात आल्यावर तिचं नाव पडलं कुलूप. पुढे खेळणारी तिची मैत्रीण दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची, म्हणून ती भोंगा.

एका वर्षी वादळात स्टेडियमच्या मोठ्या गॅलरीचं छत उडालं. क्लबचे पुरुष सामने खेळायला दुसऱ्या शहरात गेले आणि मैदान ओस पडलं. तेव्हा गावातल्या कारखान्यांनी बायकांचे संघ तिथं उतरवले. पहिल्या सामन्याला लोक टिंगल करायला आले. दुसऱ्याला तेच लोक घरच्यांना घेऊन आले. शेवटच्या सामन्याला उघड्या गॅलऱ्या तुडुंब भरल्या, माणसं दिव्यांच्या खांबांवर चढली. आईने दोन पेनल्टी अडवल्या. भोंगामावशीने गोल केला आणि असा आवाज काढला की पंचाने शिटी वाजवली की हिने, हे कुणाला कळेना.

पुढे छत दुरुस्त झालं, पुरुष परत आले. त्यांच्या पहिल्या सामन्याला बायकांच्या शेवटच्या सामन्याच्या निम्मी गर्दीसुद्धा जमली नाही. लगेच क्लबच्या मंडळाने ठराव केला: या मैदानावर बायकांनी खेळायचं नाही. कारण काय, तर त्यांच्या बुटांनी गवत खराब होतं.

"बूट पुरुषांचेच होते, पुढे कापूस कोंबलेले," आई त्या मुलीला म्हणाली. "त्यांच्या पायांत होते तोवर गवताची तक्रार नव्हती."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? खेळलो. गोदामामागे खडी होती, तिच्यावर." आईने बाह्या वर करून कोपरं दाखवली. "बंदी वीस वर्षांच्या वर चालली. ती उठली तेव्हा माझे गुडघे गेलेले होते."

मुलीने कोपरांवरचे जुने व्रण वाकून पाहिले. मग आईने कपाटातून शर्ट काढून तिच्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा. पण तुम्ही आम्हाला हाकललंत, हे शर्टाखाली लिहायचं. आडपडदा नको."

"तसंच लिहीन, आजी. माझा शब्द."

तिने शब्द पाळला. तिच्या वरच्यांनी पाळला नाही.

उद्घाटनाला मी, आई आणि भोंगामावशी सकाळी पोचलो. आत नव्या रंगाचा वास होता. पिवळा शर्ट काचेमागे टांगला होता, इस्त्री केलेला. खाली फलक होता. आईने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "'यानंतर काही काळ महिलांचा खेळ थांबला.'"

तिने ते पुन्हा वाचलं. मग त्या मुलीला शोधलं. मुलगी दाराशी उभी होती, डोळे लाल.

"मी बंदी असंच लिहिलं होतं, आजी. काल अध्यक्षांनी बदलायला लावलं. शुभकार्यात कडू शब्द नको म्हणाले."

"तू रडू नकोस," आई म्हणाली. "तुझं काम तू केलंस." आणि पर्स माझ्याकडे देऊन ती काचेसमोर फरशीवर मांडी घालून बसली. ज्या गुडघ्यांमुळे ती घरात कधी जमिनीवर बसत नाही, तेच गुडघे दुमडून. भोंगामावशी तिच्या शेजारी बसली. माझ्या मनात आलं, आईला उठवावं, घरी न्यावं, उगाच शोभा नको. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मीही बसले.

पाहुणे येऊ लागले. अध्यक्ष आले: कडक सूट, कोटाला फूल. बसलेल्या बायका पाहून आधी त्यांना वाटलं कुणाला चक्कर आली.

"आजी, काय झालं? अरे, खुर्ची आणा!"

"खुर्ची नको. खेळ थांबला नाही. तुम्ही थांबवला. एक तर वाक्य बदला, नाही तर शर्ट काढून द्या."

"तुमच्या भावना मी समजतो. पण ही जुनी गोष्ट झाली. तेव्हा मी क्लबमध्ये नव्हतोसुद्धा."

"मग तुम्हाला लपवायचं काय कारण?"

अध्यक्ष हसले, पण नुसत्या ओठांनी. त्यांनी सुरक्षारक्षकाकडे पाहिलं. रक्षकाने भोंगामावशीच्या खांद्याला हात लावायला आणि मावशीने तोंड उघडायला एकच गाठ पडली. "हात काढ!" काचा थरथरल्या. रक्षक दोन पावलं मागे सरला, आणि बाहेर बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

गर्दीत क्लबच्या महिला संघाची कप्तान होती. फीत तीच कापणार होती. ती पुढे आली, फलक वाचला आणि आईला विचारलं, "कुणी थांबवला होता?"

"यांच्या मंडळाने."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिने कात्री अध्यक्षांच्या हातात दिली आणि आईजवळ येऊन बसली. मग तिच्या मागे सगळा संघ. दार अडलं. पाहुणे ताटकळत उभे राहिले, आणि जो तो शेजारच्याला विचारू लागला की काय थांबवलं होतं. अध्यक्षांना उत्तर द्यायची वेळ यायच्या आत भोंगामावशी सगळ्यांना सांगत सुटली.

अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. "ठीक आहे. नवा फलक छापून घेतो. आठवडाभरात."

"आठवडाभर लोक खोटं वाचतील," आई म्हणाली. "पेन आहे ना?"

पेन त्या मुलीने दिलं. जाड, काळं. अध्यक्षांनी 'थांबला' हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'क्लबने बंद केला'.

"मागच्यांना दिसत नाही."

त्यांनी ते गिरवून ठळक केलं. टाळ्या सुरू झाल्या. कप्तानने आणि मी आईला दोन्ही काखांत हात घालून उठवलं. उठताना तिने दात आवळले, पण आवाज काढला नाही. तिचे डोळे भरले होते. मी रुमाल पुढे केला, तर तिने तो चष्म्याला लावला.

मला वाटलं, झालं, आता घरी. आई मात्र दाराजवळच्या पहिल्या फलकापाशी जाऊन थांबली होती. "'स्टेडियम होण्याआधी ही जागा ओसाड होती,'" तिने वाचलं आणि मैत्रिणीकडे वळली. "ओसाड? अगं, तुझी आजी इथंच राहायची ना, वीटभट्टीपाशी?"

"राहायची म्हणजे? माझा बाप इथं जन्मला! घरं पाडून हाकललं सगळ्यांना!"

अध्यक्ष पेन बंद करत होते.

"टोपण लावू नका," आई म्हणाली.