धुतलेले हात

त्रापानी शहराजवळच्या मिठागरांतून सगळं गाव भर दुपारी, हातही न धुता, थेट चौकात लोटलं होतं. पेल्यातलं पाणी पापी माणूस ओळखतं म्हणे!

"संताच्या झऱ्याचं पाणी!" गावोगाव फिरणारा गास्पारेबाबा ओरडत होता. "हात बुडवा! पापी असाल तर दिवा पेटायचा नाही. वीज खोटं बोलत नाही, बायांनो!"

एकेक जण पेल्यात नव्याने ओतलेल्या पाण्यात हात बुडवून काढी. मग बाबा बॅटरी आणि दिव्याच्या तारांना बांधलेले दोन खिळे पुसून पेल्यात सोडी आणि दिवा लखलखे. मिठागरातल्या तुरी नावाच्या मजुराचा पेटला, माझी सासू क्रोचिफिस्सा हिचाही पेटला.

मग मला आणलं. नवरा तापाने जाऊन छत्तीस दिवस झाले होते. आमच्यात विधवा चाळीस दिवस खिडक्या लावून घरात बसते. सासूने तर बाहेरून कडी घातली होती. "माझ्या मुलाला हिनेच विष घातलं," असं ती सांगत सुटली होती. दिवा पेटला नाही, तर माझी चार वर्षांची मुलगी आगाता तिच्याकडे जाणार आणि मी कायमची मठात.

मी हात बुडवला. दिवा ढिम्म.

"बघा! नवऱ्याला खाल्लं हिने!" सासूने आगाताला उचललं. पोर "आई, आई" करत होती. गर्दी मला हलू देईना. सासूचे हात मिठाने पांढरे झाले होते आणि माझे स्वच्छ होते. लग्नाआधी मी औषधवाल्याकडे शुद्ध पाण्याच्या अशाच बाटल्या धुवायचे. मला सगळं कळलं.

"सासूबाई, साबणाने हात धुवा, याच पाण्याने खळबळून घ्या आणि पुन्हा बुडवा."

"संताची परीक्षा दोनदा नसते!" बाबा घाईने बाटल्या आवरू लागला.

"मी काय कुणाला भिते? ओत रे नवं पाणी, तुरी!" सासू म्हणाली.

आगाताला गुडघ्यांत धरून तिने हात धुतले, खळबळले आणि बुडवले. खिळे मी स्वतः पुसले. दिवा ढिम्म!

"आता कुणी खाल्लं त्यांना, सासूबाई?" मला दया आली नाही. फार संताप आला होता.

मी तुरीच्या टोपलीतलं मूठभर मीठ पेल्यात टाकून ढवळलं. दिवा भडकला.

"हे झऱ्याचं नाही, औषधवाल्याकडचं शुद्ध पाणी आहे. त्यातून वीज जवळजवळ जातच नाही," मी म्हटलं. "मीठ विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले सुटे कण होतात. तेच वीज वाहून नेतात. तुमचे हात मिठाने भरलेले होते. माझे तुम्हीच कोंडून स्वच्छ ठेवलेत. दिव्याला हात जोडण्याआधी पेल्यात काय पडलं ते बघत जा!"

सासू ओल्या हातांकडे बघत राहिली. "तापच होता ना गं त्याला?"

"तापच होता."

तिने आगाताला माझ्याकडे सोडलं. चाळीसातले चार दिवस अजून उरले होते. घरी जाऊन मी सगळ्या खिडक्या उघडल्या.